लोणारच्या खडकातील दाबाची नोंद

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत पाया खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तोच दख्खनचा बेसाल्ट पूर्वेला जालन्यामार्गे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपर्यंत पसरला आहे. मात्र लोणारला या खडकाने एकदा असा दाब सोसला, की त्यातील स्फटिकांची घडणच मोडली.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केल्यानंतर ते दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले गेले, आणि चहूकडे लाव्हाचाच खडक असताना तसे मानणे गैरही नव्हते. 1964 मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी अशनिपाताची शक्यता मांडली, पण गोल आकार हा कच्चाच पुरावा. 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी वाद निकालात काढला, तो मुख्यतः मॅस्केलिनाइटच्या आधारे. बेसाल्टमधील प्लेजिओक्लेज या खनिजाच्या कणाचा बाह्य आकार तसाच राहून आतील अणूंची शिस्त आघाताने विस्कटली, की जो काचसदृश पदार्थ उरतो तो मॅस्केलिनाइट; हे नाव 1872 मध्ये चेर्माक यांनी बिहारमधील शेरघाटीला 1865 साली पडलेल्या अशनीतील खनिजाला दिले होते.

हा निकाल सूक्ष्मदर्शकाने दिला. अणूंचा विस्कळीतपणा मोजण्याचे काम कंपन-वर्णपटाचे. स्फटिकातील अणू ठरावीक वारंवारतेने कंप पावतात आणि त्यावरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग बदललेल्या तरंगलांबीने परततो, हाच 1928 मधील रामन परिणाम. मुकुंदवाडीसारख्या ठिकाणच्या धडधाकट बेसाल्टातील प्लेजिओक्लेज 480 व 508 प्रति सेंटिमीटर तरंगसंख्येच्या आसपास दोन टोकदार शिखरे दाखवते. मॅस्केलिनाइटमध्ये त्यांच्या जागी रुंद, बोथट उंचवटे दिसतात.

एवढ्याने दाबाचा आकडा मिळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तसाच दाब निर्माण करावा लागतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणारे उपकरण 1959 मध्ये अमेरिकेत पुढे आले आणि हिरा पारदर्शक असल्याने दाबाखालील स्फटिकाचा अवरक्त वर्णपट थेट घेता येऊ लागला. 1972 पासून नमुन्याशेजारी ठेवलेल्या माणकाच्या कणाच्या प्रकाशावरून दाब मोजणेही सोपे झाले. 1989 मध्ये विल्यम्स आणि जिनलोज यांनी अॅनॉर्थाइट हे प्लेजिओक्लेज सामान्य तापमानात केवळ दाबून, सुमारे 22 गिगापास्कलला, म्हणजे वातावरणाच्या दोन लाखांहून अधिक पट दाबाखाली, विस्कळीत केले. त्याआधी, 1976 मध्ये, कीफर व सहकाऱ्यांनी आघाताच्या प्रयोगांशी ताडून लोणारच्या मॅस्केलिनाइटयुक्त बेसाल्टसाठी 20 ते 40 गिगापास्कलचा पल्ला दिला होता. हिऱ्यांमधला दाब सावकाश चढतो आणि अशनीचा आघात क्षणार्धात सरतो, म्हणून दोन्ही आकड्यांची थेट बरोबरी करणे धाडसाचे ठरेल.

आघात केव्हा झाला हे मात्र वर्णपट सांगत नाही. ते वय आर्गॉनच्या समस्थानिकांवरून 2011 मध्ये सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे ठरवण्यात आले.