मुक्त शोध प्रयोगशाळा (रसायनशास्त्र अध्यापक-शिक्षण)

प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष हे तिन्ही छात्राध्यापकावर सोपवणारी प्रात्यक्षिकाची रीत. एरवी जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, कृती ठरलेली असते, उत्तरही ठाऊक असते. जोसेफ श्वाब यांनी १९६०च्या दशकात शोध म्हणून विज्ञान शिकवण्याचा आग्रह धरला. मार्शल हेरॉन यांनी १९७१ मध्ये प्रात्यक्षिकातील मोकळीक मोजायला शून्य ते तीन अशा पातळ्या सुचवल्या. तिसऱ्या पातळीवर प्रश्नही आयता मिळत नाही. भारतात शालेय पातळीवर होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (१९७२–२००२) हाताने करून शोधण्यावर भर दिला आणि त्यासाठी शिक्षकांनाही तसेच प्रशिक्षण दिले. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान शिक्षणात कार्यरत आहे.

उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्यात या रीतीला लागणारे साहित्य जवळच मिळते. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीत मँगनीज डायऑक्साइडयुक्त धातुक निघते आणि ते कोरड्या विद्युतघटांसाठी वापरले जाते. याच संयुगाने हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन वेगाने होते. ‘धातुकाची पूड बारीक केली तर ऑक्सिजन लवकर निघतो का?’ हा प्रश्न सोपा वाटतो. पण तो तपासायला बसले की चाळणी कोणती, वजन सारखे का, द्रावण जुने तर नाही, अशा शंका निघतात. ‘२० आकारमान’ पेरॉक्साइडच्या ५ मिलिलिटरमधून सुमारे १०० मिलिलिटर ऑक्सिजन मिळायला हवा. पाण्यावर पालथ्या धरलेल्या मोजपात्रात तो कमी भरला, तर गळती शोधावी लागते. पूड गाळून, वाळवून पुन्हा वापरली की उत्प्रेरक खर्च होत नाही हे स्वतःच्या आकड्यांतून कळते. बाटलीतले शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तुलनेला ठेवावेच. धातुकातील लोह व अन्य अशुद्धींचा परिणाम त्याशिवाय ओळखता येत नाही.

पितळेसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात दुसराही प्रश्न सहज सुचतो: दोन भांड्यांच्या पितळेत तांबे सारखे असते का? नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून आयोडोमितीने तांबे मोजता येते. मात्र विरघळवताना निघणारा तपकिरी वायू विषारी असल्याने हे काम धूरकपाटातच करावे आणि आराखडा आधी प्राध्यापकाने तपासावा. सुरक्षिततेत तडजोड नसावी. मोकळीक प्रश्नात हवी.

ज्याने प्रयोगशाळेत स्वतःचा प्रश्न कधी विचारला नाही, त्याला विद्यार्थ्याचा अनपेक्षित प्रश्न अडचण वाटतो. म्हणून मूल्यमापनात अपेक्षित आकडा जुळण्यापेक्षा खोडाखोड केलेल्या नोंदवहीला, बदललेल्या आराखड्याला आणि त्याच्या कारणांना गुण द्यावे लागतात. एका तासिकेत हे बसत नाही. सलग दोन-तीन आठवडे राखावे लागतात.