चित्रकारांची रिळं

सिनेमातल्या मुसलमानांचा विषय निघाला की आपली यादी तयार असते. दिलीपकुमार, मधुबाला, नौशाद, साहिर, के. आसिफ. ओतूरच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर विचारलं तरी त्यात आणखी चार नावांची भर पडेल. पण मुंबईतल्या काही मुसलमान चित्रकारांनी १९६७ नंतरच्या पाच-सहा वर्षांत सिनेमात जे करून ठेवलं, त्याचा उल्लेख या यादीत मी कधी ऐकला नाही. त्या फिल्ममध्ये नट नव्हते, गाणी नव्हती, गोष्टही नव्हती. आज अशा कामाला प्रायोगिक सिनेमा म्हणतात आणि त्यासाठी वेगळे महोत्सव भरतात.

याची सुरुवात झाली ती सरकारी खात्यात. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचं काम म्हणजे धरणं, कुटुंबनियोजन, पंतप्रधानांचे दौरे. थिएटरांना मुख्य खेळाआधी हे लघुपट दाखवणं बंधनकारक होतं. आमच्याकडची जुनी माणसं ‘न्यूजरील’ म्हणतात ती हीच. अनेकांसाठी ती बाहेर बिडी ओढायची वेळ. साठच्या दशकाच्या मध्यावर जहांगीर भावनगरी सल्लागार म्हणून तिथे परतले आणि काही वर्षांपुरती का होईना, या खात्याची खिडकी उघडली. त्यांनी बाहेरच्या कलावंतांच्या हाती कॅमेरा दिला.

त्यात एक होते मकबूल फिदा हुसेन. पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेला हा माणूस. १९६७ साली त्यांनी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. तो यूट्यूबवर आहे, जरूर पाहा. राजस्थानातली उन्हं, भिंती, माणसं आणि मधूनच येणारी छत्री, कंदील, जोडा. सांगणारा कुणी नाही, विजय राघव राव यांचं संगीत तेवढं सोबतीला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाच मिनिटांत मला वाटलं, आता काहीतरी सुरू होईल. काही ‘सुरू’ होत नाही. चित्रासमोर उभं राहावं तसं त्याच्यासमोर बसावं लागतं. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटासाठीचं सुवर्ण अस्वल मिळालं आणि देशात प्रायोगिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही.

तय्यब मेहतांचं नातं तर चित्रकलेआधीच सिनेमाशी जुळलेलं. जे. जे. मध्ये जाण्यापूर्वी त्यांनी फिल्म संकलनाचं काम केलं होतं. फाळणीच्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला मारताना त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि ते त्यांच्या चित्रांत आयुष्यभर उतरत राहिलं. १९७० साली त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात ‘कुडल’ चित्रित केला. पाय बांधून पाडलेला बैल त्यांच्या कॅनव्हासवर कितीतरी आधीपासून होता. इथे तो जिवंत होता. हा लघुपट पाहवत नाही, हे मी आधीच सांगतो. पण ज्याला कत्तलखाना म्हटलं की फक्त बातमी आणि भांडण आठवतं, त्याने तो एकदा पाहावा. तिथे कुणावर आरोप नाही, कुणाची वकिली नाही.

तिसरे अकबर पदमसी. १९६९ साली नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ काढलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले अशी मंडळी तिथे एकत्र काम करत. नलिनी मलानी तेव्हा विशीत होत्या. त्यांचे सुरुवातीचे फिल्म-प्रयोग तिथलेच. पदमसींनी स्वतः शेकडो रेखाचित्रं एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवली आणि ‘सिझिजी’ हा मूक चलत्पट केला. रेषा हलतात, जुळतात, तुटतात. बस्स, एवढंच.

आणि आबिद सुरती. ‘धर्मयुग’मधला ‘ढब्बूजी’ आणि कॉमिक्समधला ‘बहादूर’ ज्यांनी वाचला, त्यांना हे नाव नवं नाही. १९७२ साली प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘आबिद’ केला. त्यात सुरतींनाच एकेका फ्रेममध्ये बाहुलीसारखं हलवलंय. खोली रंगत जाते आणि माणूस तिच्यात उड्या मारतो. पाच मिनिटांचा हा खेळ लहान पोरांनाही आवडेल.

मग आपल्याला हे माहीत का नाही? मला एक कारण उघड दिसतं. हुसेन, मेहता बोहरा, पदमसी, खोजा. गुजरातीशी नातं असलेले व्यापारी समाज. आमच्या भागातल्या तांबोळी, अत्तार, मोमीन घरांशी त्यांची सोयरीक नाही, ऊठबस नाही. तसवीर म्हटलं की आपल्याकडे अजून कपाळावर आठी येते, ते वेगळंच. २००४ साली हुसेन यांच्या ‘मीनाक्षी’मधल्या कव्वालीच्या शब्दांवर काही मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि चित्रपट थिएटरातून काढला गेला. हिंदुत्ववाद्यांच्या खटल्यांनी आणि धमक्यांनी त्यांना देश सोडावा लागला, हे आपण हक्काने सांगतो. ‘मीनाक्षी’चं सांगताना आवाज खाली जातो.

दाखवणारेही थोडे होते. २००३ साली शाई हेरेडिया यांनी मुंबईत ‘एक्सपेरिमेंटा’ हा प्रायोगिक फिल्मचा महोत्सव सुरू केला, पुढे तो बंगळुरूला गेला. फिल्म्स डिव्हिजनच्या कपाटातल्या जुन्या रिळांकडे पुन्हा लक्ष गेलं, त्यात अशा लोकांचा मोठा वाटा. २०२२ मध्ये ते खातं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, पुण्याचं चित्रपट संग्रहालयही. त्याआधी कितीतरी चित्रपटकर्मींनी एकच प्रश्न विचारला होता: या रिळांची मालकी उद्या कुणाकडे?

२०२५ साली तय्यब मेहतांचा तो बांधलेला बैल लिलावात ६१.८ कोटींना गेला. त्याच वर्षी हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ला शंभर कोटींहून अधिक मिळाले. कॅनव्हास विकत घेता येतो, त्याचा विमा उतरवता येतो. फिल्मचं तसं नाही. पदमसींनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची एक सहा मिनिटांची रंगीत फिल्म केली होती. तिची एकच प्रत होती. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. चाळीसेक वर्षांनी दिग्दर्शक आशिम अहलुवालिया त्यांच्याकडे गेले. पदमसी तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. दोघांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, २०१६ साली ती पडद्यावर आली. पदमसी २०२० च्या जानेवारीत गेले. मूळ रीळ सापडलं नाही.