यकृताचा अभ्यास : उंदीर, मेंढी आणि पितळेचे पातेले

सोलापूर : यकृत निकामी झालेल्या रुग्णावर नवे औषध थेट वापरून पाहता येत नाही. त्यामुळे तसाच आजार असलेला प्राणी आधी अभ्यासावा लागतो. त्यास 'प्राणी-प्रारूप' म्हणतात. योग्य प्राणी निवडणे किती कठीण असते, हे महाराष्ट्रातील बालकांच्या एका जुन्या आजारावरून ध्यानात येते.

कल्हई उडालेले भांडे

'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' या आजाराने विसाव्या शतकात अनेक बालकांचा बळी घेतला. साधारणतः सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे यकृत वाढून टणक होई, कावीळ होई आणि उपचाराअभावी बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या आजाराचा शोध घेतला. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले वरचे दूध तान्ह्या बाळांना दिल्याने यकृतात तांबे साठत असावे, असा निष्कर्ष त्यांनी १९८३ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात मांडला. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते.

साधा उंदीर अपुरा

हे प्राण्यात पडताळणे सोपे नव्हते. प्रयोगशाळेतील साध्या उंदराला तांबेयुक्त आहार दिल्यास यकृताला इजा होते. परंतु पुढे ते सावरते आणि तांबे सोसू लागते. जपानमधील 'एलईसी' जातीच्या उंदरात मात्र जनुकीय दोषामुळे तांबे साठते व सुमारे चार महिन्यांच्या वयात कावीळ होते. पण तो दोष विल्सन आजाराचा आहे. बेडलिंग्टन टेरियर कुत्र्यातील दोष 'कॉमडी-१' या वेगळ्या जनुकात असल्याचे २००२ मध्ये आढळले.

बालकांच्या आजाराशी अधिक जवळचे साम्य दिसले ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडील नॉर्थ रोनाल्डसे बेटावरील मेंढीत. समुद्री शेवाळावर जगणाऱ्या या मेंढ्यांच्या आहारात तांबे अत्यल्प असते. त्यांना साध्या कुरणात सोडल्यास तेथील नेहमीचे तांबेही विषवत ठरते.

निकष कोणते?

यकृत अचानक निकामी होण्याच्या प्रारूपांसाठी टेरब्लांश व हिकमन यांनी १९९१ मध्ये निकष मांडले. इजा भरून येण्याजोगी असावी, प्रयोग पुन्हा केल्यास तोच परिणाम मिळावा, मृत्यू यकृताच्या विकारानेच व्हावा, उपचारास पुरेसा अवधी मिळावा, प्राणी मोठा असावा आणि संशोधकास धोका नसावा, हे त्यांतील प्रमुख होत. कृत्रिम यकृत-साहाय्याच्या प्रयोगांत डुकराचा वापर होतो, तो याच आकारमानामुळे. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेच्या अभ्यासात लहान उंदीर मानवाच्या जवळचा ठरतो. मोठ्या जातीचा उंदीर ते विष बरेच सहन करतो.

भारतात असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये नियंत्रित असून, संस्थेच्या प्राणी नीतिविषयक समितीची मंजुरी आवश्यक असते.

स्टीलची भांडी आली आणि हा बालविकार आता दुर्मिळ झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही १९०० ते १९७४ दरम्यान अशाच विकाराने १३८ बालके दगावली होती. तांब्याची भांडी बदलल्यावर तो तेथेही नाहीसा झाला. यकृत कसे निकामी होते, हे प्राण्यांनी उलगडून दाखविले. मुलांचे प्राण मात्र स्वयंपाकघरातील भांडे बदलल्याने वाचले.