गाडी ऑइल ‘खाते’ तेव्हा...

घरच्यांना घेऊन लग्नकार्याला जाता येईल इतकी सोयीची आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडताच आपले वेगळेपण दाखविणारी मोटार म्हणजे ‘स्पोर्ट्स सेडान’. भारतीय रस्त्यांवर हा प्रकार बऱ्याच जणांना प्रथम परिचयाचा झाला तो २००४ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमुळे. २०११ मध्ये लॉरा आरएस आली. दरम्यान ऑडी ए ४ सारख्या गाड्यांची जुळणी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होऊ लागली होती. या गाड्यांचे वय आता पंधरा-वीस वर्षांच्या घरात आहे. नव्या गाडीच्या तुलनेत त्या खूपच स्वस्तात मिळतात, त्यामुळे हौशी मंडळी त्या सेकंड हँड बाजारातून आवर्जून घेतात. मग काही महिन्यांतच डॅशबोर्डवर ऑइलचा पिवळा दिवा लागतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर सहसा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘टर्बो गाडी आहे, एवढे ऑइल लागणारच’ हे पहिले. आणि ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल’ हे दुसरे. पहिले उत्तर ऐकून गाफील राहिल्यास इंजिन गमवावे लागते. दुसरे ऐकून घाई केल्यास गाडीच्या किमतीच्या तोडीचा खर्च विनाकारण होऊ शकतो. दोन्ही उत्तरे बहुधा मोजमाप न करताच दिलेली असतात. गाडी नेमके किती ऑइल खाते आणि ते कोठे जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज कोणताही निर्णय घेऊ नये.

ऑइल जाते कोठे?

प्रत्येक इंजिन थोडेफार ऑइल वापरतेच. सिलिंडरच्या भिंतीवर वंगणाचा पातळ थर राहणे आवश्यक असते आणि त्यातील काही अंश पेट्रोलबरोबर जळून जातो. हे प्रमाण वाढते तेव्हा ऑइलला बाहेर पडण्याचे प्रमुख मार्ग पाच असतात.

पहिला मार्ग म्हणजे साधी गळती. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, क्रँकशाफ्टची सील, ऑइल फिल्टरची बैठक येथून ऑइल झिरपते. गरम भागांवर पडून ते जळत असल्याने जमिनीवर डाग दिसेलच असे नाही. दुसरा मार्ग इंजिनातील वाफा पुन्हा इनटेककडे नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा. त्याचा रबरी पडदा फाटला, की वाफांबरोबर ऑइलही ओढले जाते. तिसरा मार्ग टर्बोच्या सीलमधून, चौथा व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील सीलमधून आणि पाचवा, सर्वांत खर्चिक, पिस्टनच्या रिंगांमधून.

पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन राखतात, तर तिसरी ‘ऑइल रिंग’ भिंतीवरील जादा ऑइल खरवडून पिस्टनमधील बारीक छिद्रांवाटे पुन्हा खाली सोडते. ही छिद्रे कार्बनने बुजली किंवा रिंग खाचेत अडकली, की खरवडलेल्या ऑइलला परतीची वाट राहत नाही. ते वर चढते आणि जळते.

एका इंजिनाचे उदाहरण

फोक्सवॅगन समूहाच्या ‘ईए ८८८’ इंजिन कुटुंबाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. याच्या दुसऱ्या पिढीत अंतर्गत घर्षण कमी व्हावे आणि इंधन वाचावे म्हणून ऑइल रिंगा बारीक व कमी ताणाच्या करण्यात आल्या. ऑइल परतण्याची छिद्रेही लहान होती. परिणामी ती लवकर बुजू लागली आणि जगभरातील अनेक मालकांना दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल भरण्याची वेळ आली. अमेरिकेत या प्रश्नावर २०१३ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला. २०१५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार २ लिटर टर्बो इंजिनाच्या ठराविक ऑडी गाड्यांसाठी ऑइल वापराबाबतची वॉरंटी ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढविण्यात आली. पुढे कंपनीने सुधारित पिस्टन व रिंगा वापरात आणल्या. याच कुटुंबातील १.८ लिटरचे इंजिन भारतात लॉरा, सुपर्ब आणि ए ४ या गाड्यांतून आले.

या इंजिनासाठी कंपनीने सांगितलेली ऑइल वापराची कमाल मर्यादा दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर आहे. ‘अर्ध्या लिटरपर्यंत नॉर्मल’ असे सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले जाते ते याच आधारावर. परंतु ही मर्यादा म्हणजे इंजिन निरोगी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. थोडा हिशेब करून पाहावा. या इंजिनात सुमारे ४.६ लिटर ऑइल मावते. सर्व्हिसिंगची मुदत १५,००० किलोमीटर धरली आणि गाडी हजाराला अर्धा लिटर ऑइल खात असली, तर दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये साडेसात लिटर ऑइल संपेल. म्हणजेच कागदोपत्री ‘नॉर्मल’ असलेली गाडी वेळोवेळी ऑइल भरले नाही, तर सर्व्हिसिंगच्या तारखेपूर्वीच कोरडी पडेल.

ऑइल कमी पडल्याचा पहिला फटका टर्बोला बसतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. या इंजिनाच्या टायमिंग चेनचा ताण राखणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावर चालतो. चेन सैल होऊन दात सुटले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. म्हणून ऑइल जळण्याहून अधिक धोका आहे तो पातळी घसरल्याचे लक्षात न येण्याचा.

आधी मोजमाप

गाडी सपाट जागेवर उभी करावी. गरम झालेले इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल खाली उतरते. डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालावी व पातळी पाहावी. ऑडीच्या काही मॉडेलांत डिपस्टिक नसते. तेथे पडद्यावरील पातळी पाहावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आकडा वहीत टिपून ठेवावा. पुढे दर पाचशे किलोमीटरला याच पद्धतीने पातळी पाहून जेवढे ऑइल भरले असेल तेवढे मोजून नोंदवावे. उदाहरणार्थ, २,४०० किलोमीटरमध्ये १.२ लिटर ऑइल लागले, तर वापर हजाराला अर्धा लिटर झाला.

हे मोजमाप किमान दोन हजार किलोमीटर चालू ठेवावे आणि त्यात एखादा लांबचा प्रवास असावा. शहरात रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही. न जळलेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये मिसळतो आणि डिपस्टिकवरील पातळी फसवी स्थिर दिसते. हीच गाडी पुणे-बंगळूर महामार्गावर दिवसभर चालविली, की ते पेट्रोल उडून जाते आणि पातळी एकदम खाली येते. ‘काल तर ऑइल पूर्ण होते’ अशा आश्चर्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

वरच्या खुणेपलीकडे ऑइल कधीही भरू नये. जादा ऑइल क्रँकशाफ्टच्या फिरण्याने फेसाळते, वाफांबरोबर बाहेर जाते आणि वापर उलट वाढतो. पिवळा दिवा पातळी कमी झाल्याची सूचना देतो. लाल दिवा दाब गेल्याची. लाल दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो.

धुराची भाषा

ऑइल जळत असेल तर धूर निळसर असतो. तो केव्हा दिसतो याला महत्त्व आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना क्षणभर निळा धूर आला आणि नंतर थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. घाट उतरताना बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडलेला असतो; त्यानंतर तो दाबताच धुराचा लोट आला, तरीही तेच कारण संभवते. जोर लावताना सतत धूर येत असेल, तर रिंगा किंवा टर्बोकडे पाहावे. इंजिन चालू असताना शीळ ऐकू येणे किंवा ऑइलचे झाकण काढताना ते जोराने आत ओढले जाणे, ही पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटल्याची खूण आहे.

धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असे मात्र समजू नये. सायलेन्सरपूर्वी बसविलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर पचवितो. पण ऑइलमधील फॉस्फरसमुळे तो स्वतः हळूहळू निकामी होतो. पीयूसी प्रमाणपत्रावरही विसंबू नये. पेट्रोल गाडीच्या त्या चाचणीत ऑइल किती जळते याचे मोजमाप होत नाही.

कॉम्प्रेशन चाचणीबाबतही एक गैरसमज आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन उत्तम आले, की रिंगा ठीक आहेत असे सांगितले जाते. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगांवर अवलंबून असते. तिसरी ऑइल रिंग पूर्ण अडकलेली असली, तरी चाचणीचे आकडे चांगले येऊ शकतात. त्यामुळे प्लग काढून त्यांवरील ऑइलची काजळी पाहणे आणि छोट्या कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा व सिलिंडरच्या भिंती तपासून घेणे अधिक उपयोगी ठरते.

उपायांचा क्रम

उपाय नेहमी स्वस्ताकडून महागाकडे जावेत. प्रथम बाहेरची गळती शोधून गॅस्केट व सील बदलाव्यात. त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलावा. हे काम तुलनेने कमी खर्चाचे असून ईए ८८८ इंजिनात ते इतर कशाच्याही आधी करण्याजोगे आहे. व्हॉल्व्ह फाटलेला राहिल्यास क्रँकशाफ्टची मागची सीलही गळू लागते. टर्बोचे पाइप सोडवून आत ऑइल साचले आहे का, तेही याच वेळी पाहावे.

ऑइल निवडताना केवळ डब्यावरील ‘५डब्ल्यू-४०’ सारखा आकडा पाहू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कंपनीच्या मानकाचा क्रमांक डब्यावर असल्याची खात्री करावी. वापर थांबविण्यासाठी मनाने फार घट्ट ऑइल भरणे चुकीचे आहे. थंड इंजिनात ते टर्बो व टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते. ऑइल बदलण्याची मुदत मात्र निम्म्यावर, म्हणजे सात-साडेसात हजार किलोमीटरवर आणावी. जुन्या टर्बो इंजिनात कार्बनचा साठा रोखण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

रिंगा अडकल्याचा संशय असल्यास प्लगच्या छिद्रातून कार्बन विरघळविणारे द्रव सोडून पिस्टन भिजत ठेवण्याचा प्रयोग काही गॅरेजांत केला जातो. रिंगा केवळ चिकटलेल्या असतील, तर थोडा उतार पडतो. रिंगा झिजलेल्या असतील किंवा मूळ रचनेतच उणीव असेल, तर गुण येत नाही. त्यानंतर द्रवाचा अंश राहू नये म्हणून ऑइल व फिल्टर बदलणे अपरिहार्य आहे.

शेवटची पायरी इंजिन खोलण्याची. त्यासाठी हेड व ऑइल चेंबर उतरवून सुधारित पिस्टन आणि रिंगा बसवाव्या लागतात. जुन्या पिस्टनवर केवळ नव्या रिंगा चढविण्यात अर्थ नसतो, कारण बारीक छिद्रांचा दोष तसाच राहतो. इंजिन उघडलेच आहे तर व्हॉल्व्ह सील, टायमिंग चेन आणि टेन्शनर त्याच वेळी बदलावेत. जुने सुटे भाग परत मागून घ्यावेत आणि प्रत्येक भागाच्या क्रमांकासह पक्के बिल घ्यावे. काम झाल्यावर पुन्हा मोजमाप करावे. त्याशिवाय दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे कळणार नाही.

निर्णय कसा घ्यावा?

हजार किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत वापर असेल, तर जुन्या टर्बो गाडीच्या बाबतीत काळजीचे कारण नाही. ०.२ ते ०.५ लिटरच्या दरम्यान पीसीव्ही, गळती व ऑइल या तीन गोष्टींवर काम करावे आणि नोंदी चालू ठेवाव्यात. अर्ध्या लिटरच्या वर आकडा गेला आणि तो वाढतच असेल, तर पिस्टनच्या कामाचा विचार करावा.

तेव्हाही साधा हिशेब मांडावा. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी हजाराला अर्धा लिटर ऑइल खात असेल, तर वर्षाला चार लिटर ऑइल जादा लागेल. म्हणजे खर्चात जेमतेम एका ऑइल बदलाची भर पडेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे आयुष्य कमी होणे व हवेत जाणारा धूर हे नुकसान त्यात धरले, तरी दोन-तीन वर्षेच गाडी ठेवायची असल्यास नियमित ऑइल भरणे इंजिन खोलण्यापेक्षा स्वस्त पडते. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल, तर पुढील पाच वर्षांच्या फेरनोंदणीचा खर्चही विचारात घ्यावा. याउलट बॉडी, गिअरबॉक्स व सस्पेन्शन सुस्थितीत असतील आणि गाडी दीर्घकाळ बाळगायची असेल, तर योग्य भागांनिशी एकदाच केलेले काम सार्थकी लागते.

अशी जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही एवढे करावे : विक्रेत्याकडे ऑइल भरल्याच्या नोंदी मागाव्यात, थंड इंजिन आपल्यासमोर चालू करावे आणि त्याआधी ऑइलची पातळी स्वतः पाहावी. वहीत नोंदी ठेवणाऱ्या मालकाची ऑइल खाणारी गाडी एक वेळ घ्यावी. ‘बोनेट उघडायची कधी गरजच पडली नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याची गाडी मात्र दोनदा तपासून घ्यावी.