बाष्पोच्छ्वास
वनस्पतींच्या, मुख्यतः पानांच्या, पृष्ठभागावरून पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडण्याची क्रिया. मूलरोमांनी शोषलेले पाणी प्रकाष्ठातील सूक्ष्म नळ्यांतून वर चढते. पानांतून वाफ निघून गेली की ताण निर्माण होतो आणि रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे अखंड राहिलेला जलस्तंभ वर ओढला जातो. हे स्पष्टीकरण डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडले. शोषलेल्या पाण्याचा फार मोठा भाग असाच निघून जातो. पर्णरंध्रांच्या रक्षक कोशिका फुगल्या की रंध्र उघडते, सैलावल्या की मिटते. कार्बन डाय-ऑक्साइडही याच वाटेने आत येत असल्याने हा व्यय पूर्णपणे टाळता येत नाही.

महाड-पोलादपूर भागात पावसाळ्यातील दमट हवेमुळे बाष्पोच्छ्वास मंदावतो. तेव्हा पहाटे भाताच्या पात्यांच्या टोकांवर दिसणारे थेंब बहुधा दवाचे नसतात. मूलदाबाने जलरंध्रांतून द्रवरूपातच बाहेर आलेले ते पाणी असते (बिंदुस्राव). लावणीसाठी रोपे उपटताना मूलरोम तुटतात, तरी ढगाळ हवेत ती फारशी कोमेजत नाहीत. उन्हाळ्यात डोंगरउतार कोरडे पडतात. त्यापूर्वीच साग व सावर पाने गाळून पाणी राखतात. आंबा, काजू यांची सदाहरित पाने जाड, मेणचट उपत्वचेमुळे टिकून राहतात.