'डेअर' पुन्हा ऐकताना

सोळाव्या वर्षी जिवापाड ऐकलेली एखादी तबकडी चाळीस वर्षांनी पुन्हा लावून पाहिली आहे का तुम्ही? मी परवा लावली. 'ह्यूमन लीग' या इंग्रजी गायकसंघाची 'डेअर', १९८१ सालची.

तेव्हा मला वाटे, हे यंत्रांचे गाणे! गिटार नाही, ढोल वाजवणारा माणूस नाही. सगळा कारभार सिंथेसायझरचा आणि तालयंत्राचा. पण इतिहास काय सांगतो, पाहा. ही मंडळी शेफील्डची, म्हणजे पोलादाच्या गावची. १९८० साली ब्रिटनमधल्या पोलाद कामगारांचा संप तीन महिने चालला. १९८२ च्या आरंभी देशातले बेकार ३० लाखांवर गेले. त्याच १९८० साली हा संघही फुटला. वाद्ये सांभाळणारे दोन प्रमुख निघून गेले. मागे राहिलेल्या फिलिप ओकीने काय करावे? गावातल्या एका नृत्यगृहात नाचणाऱ्या सुझन सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल या दोन शाळकरी मुलींना त्याने साथीला घेतले. गाण्याचा अनुभव म्हणाल तर शून्य! आणि वर्षभरात निघालेली 'डेअर' ब्रिटनच्या यादीत पहिली आली.

आज ऐकताना त्यातली यंत्रे जुनी वाटतात, खेळण्यातल्यासारखी. ताजे राहिले आहेत ते त्या मुलींचे साधे, न घोटलेले आवाज. मी भाळलो होतो यंत्रावर; गात होती माणसे. हे कळायला इतकी वर्षे लागली. तुमचीही तबकडी एकदा धूळ झटकून लावा, बरं का!