ब्रिटानियाचे जुने रहिवासी

कामगार संघटनेच्या माणसाने खेळाविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. बोनस, महागाई भत्ता, टाळेबंदी हे आमचे नित्याचे विषय; आणि मुले ज्याला 'ऑनलाइन गेम' म्हणतात तो रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी सर्वसाधारण समजूत. परंतु माणसे जेथे वर्षानुवर्षे एकत्र जमतात, भांडतात, एकमेकांच्या उपयोगी पडतात, तेथे इतिहास घडत असतो. तो राजवाड्यात घडतो तसा चाळीतही घडतो. अशाच एका वस्तीची हकीकत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहो. ही वस्ती कोणत्याही नकाशावर सापडावयाची नाही. तिचे नाव ब्रिटानिया. तिला वसून आता २८ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तिचे पहिले रहिवासी वयाने आमच्या बरोबरीचे होत चालले आहेत.

प्रथम हा खेळ असतो कसा, ते पाहू. बुद्धिबळाचा डाव संपला की पट गुंडाळला जातो आणि मोहरी पेटीत जातात. या खेळाचा पट कधीच गुंडाळला जात नाही. कंपनीच्या मोठ्या संगणकांवर, ज्यांना सर्व्हर म्हणतात, एक संबंध जग मांडून ठेवलेले असते, आणि हजारो माणसे आपापल्या घरी बसून त्या जगात वावरतात. आपण झोपी गेलो तरी तेथला बाजार चालू असतो. या प्रकाराचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात जन्मला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. 'मड' या नावाच्या त्या खेळात एकही चित्र नव्हते; डोंगर, गुहा, राक्षस, सारे अक्षरांतच वर्णिलेले असे. पुढे वीसेक वर्षांत संगणक सुधारले, टेलिफोनच्या तारा घरोघर पोहोचल्या आणि अक्षरांच्या जागी चित्रे आली.

अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरी ओरिजिन नावाची कंपनी होती. रिचर्ड गॅरियट हे तिचे एक संस्थापक. १९९२ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने ती विकत घेतली. गॅरियट यांच्या 'अल्टिमा' या खेळाचे अनेक भाग तोवर निघाले होते. पण ते एकट्याने खेळावयाचे. हजारोंनी एकत्र खेळावे असा 'अल्टिमा ऑनलाइन' सप्टेंबर १९९७ मध्ये खुला झाला. महिन्याची वर्गणी ९ डॉलर ९५ सेंट. वरिष्ठांचा अंदाज असा होता की हा खेळ फार तर ३० हजार लोक घेतील; पण चाचणीसाठी नावे मागविली तेव्हाच ५० हजारांच्या आसपास माणसे पुढे आली, असे गॅरियट सांगतात. एवढी गर्दी एका यंत्रावर मावेना, म्हणून एकाच जगाच्या अनेक प्रती निरनिराळ्या सर्व्हरांवर ठेवाव्या लागल्या. त्यासाठी कथाही रचली गेली, की एका मांत्रिकाचे रत्न फुटले आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यात ब्रिटानियाचे प्रतिबिंब उरले. म्हणून तेथल्या प्रत्येक सर्व्हराला 'शार्ड', म्हणजे तुकडा, म्हणतात.

या वस्तीचे वैशिष्ट्य असे, की तेथे प्रत्येकाने तलवारच उचलली पाहिजे असा दंडक नव्हता. कोणी लोहार झाला, कोणी शिंपी, कोणी सुतार. कोणी खाणीत कुदळ मारीत बसे, कोणी नदीकाठी गळ टाकून बसे. लोहाराला खनिज लागे, ते खाणकऱ्याकडून घ्यावे लागे. लढवय्याला चिलखत लागे, ते लोहाराकडून. दिवसभर कचेरीत काम करून घरी आलेला माणूस रात्री पुन्हा ऐरणीवर घाव घालण्यासाठी पैसे मोजतो, हे पाहून आम्ही प्रथम चकित झालो. मग ध्यानात आले, की माणसाला कामाचा कंटाळा नसतो. ज्या कामात त्याचे नाव नाही, त्या कामाचा त्याला कंटाळा असतो. ब्रिटानियात हाताने घडविलेल्या उत्तम तलवारीवर ती घडविणाऱ्या लोहाराचे नाव उमटत असे.

निर्मात्यांच्या योजना मात्र रहिवाशांनी पुष्कळदा उधळून लावल्या. रानात गवत वाढावे, गवतावर हरणे जगावी, हरणांवर लांडगे जगावे, असा निसर्गक्रम त्यांनी मोठ्या हौसेने रचला होता. लोकांनी पाहता पाहता सारी जनावरे मारून टाकली, आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ऑगस्ट १९९७ मध्ये, चाचणीच्या दिवसांतच, खुद्द गॅरियट राजाच्या वेषात प्रजेला दर्शन देत असता एका खेळाडूने त्यांच्यावर जादूची आग फेकली आणि राजा जागीच ठार झाला. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यानंतर अवध्यतेचे कवच चढवावयास राजेसाहेब विसरले होते! त्याच वर्षाच्या अखेरीस खेळातील दोषांना आणि मंद गतीला कंटाळून मोठा जमाव राजवाड्यात शिरला, अंगावरची वस्त्रे उतरवून उभा राहिला आणि दारू पिऊन त्याने धुमाकूळ घातला. अर्थात हे सारे पडद्यावर. आम्ही पुष्कळ मोर्चे पाहिले, पण असा पाहिला नाही. तरीही त्याचा अर्थ आम्हांस ओळखीचा वाटला. वर्गणी देणारा माणूस गिऱ्हाइकासारखी तक्रार करून थांबला नाही. तो नागरिकासारखा राजवाड्यावर चालून गेला. ही जागा आपली आहे असे त्याला वाटू लागले होते.

लवकरच घरांचा प्रश्न उभा राहिला. जमीन मर्यादित आणि माणसे वाढती, तेव्हा रिकामी जागा मिळेना. जी घरे होती ती लोक इंटरनेटवरच्या लिलावात खऱ्या डॉलरांना विकू लागले. २००० साली कंपनीने जगाची जुळी प्रत काढून जमीन दुप्पट केली. जुन्या भागाला फेलुक्का आणि नव्याला ट्रॅमेल असे नाव मिळाले. नव्या भागात दुसऱ्याच्या संमतीवाचून त्याला मारता येत नसे. बहुतेक शांतताप्रिय माणसे नव्या भागात गेली. हे योग्य झाले की अयोग्य, यावर जुने रहिवासी अद्याप वाद घालतात. २००३ च्या सुमारास वर्गणीदार अडीच लाखांच्या आसपास पोहोचले, आणि तोच कळस ठरला. १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आला होता, २००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला; तरुण मंडळी तिकडे वळली. त्याच २००४ साली ओरिजिन कंपनीही बंद झाली. कारभार या हातातून त्या हातात जात २०१४ पासून ब्रॉडस्वर्ड या छोट्या कंपनीकडे आला. वस्ती मात्र उठली नाही.

आता या इतिहासातील ज्या प्रकरणामुळे आमचे लक्ष मुळात तिकडे वळले, ते सांगतो. वस्ती नवी होती तेव्हा नवख्यांना वाट दाखविण्यासाठी कंपनीने खेळाडूंमधूनच स्वयंसेवक नेमले. त्यांना कौन्सिलर म्हणत आणि त्यांचा झगा निळा असे. अडलेल्याला मदत करावी, शंकांचे निरसन करावे, हे त्यांचे काम. त्याचा मोबदला म्हणजे मासिक वर्गणी माफ. २००० साली अशा काही स्वयंसेवकांनी कोलोराडोतील संघीय न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही केले ते काम होते, आणि १९३८ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे कामाला किमान वेतन द्यावे लागते. एका वर्षापूर्वी 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या स्वयंसेवकांनीही असाच दावा केला होता. अल्टिमाचा खटला २००४ साली तडजोडीने मिटला. दुसऱ्याला २०१० साल उजाडले आणि कंपनीला दीड कोटी डॉलर मोजावे लागले. निळ्या झग्यांची योजना पुढे गुंडाळली गेली.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना काही वाव आहे, हे आम्ही मान्य करतो. शेजारधर्म म्हणून केलेल्या मदतीचा पगार कोणी मागत नाही; गणेशोत्सवात मांडव घालणारा पोरगा मंडळाकडे हजेरीपुस्तक घेऊन जात नाही. पण मंडळ हे मांडव घालणाऱ्याचे असते. वर्गणी एकाच्या तिजोरीत जावी आणि सेवा दुसऱ्याने फुकट करावी, तेव्हा तो शेजारधर्म राहत नाही. न्यायालयापुढचा प्रश्न वेतनाचा होता. त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला होता: ही वस्ती उभी केली कोणी? कंपनीने जमीन, नद्या आणि नियम दिले. बाजार, स्नेह, वैर, परंपरा आणि नव्या माणसाला हात धरून आत आणण्याची रीत रहिवाशांनी निर्माण केली.

वस्ती वयस्क झाल्यावर हे अधिकच स्पष्ट दिसते. १९९७ साली जो वीस वर्षांचा होता, तो आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याचे लग्न झाले असेल, मुले शिकून बाहेर पडली असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तरी त्याचे तेथले घर जागेवर आहे. खाते जितकी वर्षे चालले त्या मानाने तेथे बक्षिसे मिळतात. म्हणजे आपल्याकडे नोकरीतील ज्येष्ठतेला जो मान, तोच तेथे मुक्कामाला. तुकड्यांपैकी अटलांटिक नावाचा तुकडा गजबजलेला, आणि इतर तुकड्यांतील माणसे आपले चंबूगबाळे घेऊन तिकडे येतात. गावे ओस पडून शहर फुगावे, तसाच हा प्रकार. २०१८ पासून वर्गणीवाचूनही खेळता येते, पण अशा फुकट खातेदाराला घर बांधता येत नाही. खऱ्या जगाची रीत तेथेही सुटलेली नाही.

आणि वर्गणी थांबली तर? घर काही काळ उभे राहते, मग ते जीर्ण होत जाते आणि एके दिवशी कोसळते. आतल्या वस्तू उघड्यावर पडतात. त्या लुटण्यासाठी आधीपासून माणसे टपून बसलेली असतात. वर्गणी का थांबली, हे यंत्राला ठाऊक नसते. कोणी कंटाळला असेल, कोणाची नोकरी गेली असेल, कोणी मरण पावला असेल. वृद्ध होत चाललेल्या वस्तीत या शेवटच्या कारणाचा विचार करावाच लागतो.

आमच्या ओळखीच्या जगात गिरणी बंद पडली तरी चाळ उभी राहत असे. मुंबईच्या गिरण्यांत १९८२ च्या संपानंतर भोंगे थांबत गेले. पण माणसे चाळीच्या गॅलरीत एकमेकांना दिसत होती, आणि पुढची लढाई लढण्यासाठी एकत्र बसावयास जागा होती. ब्रिटानियासारख्या वस्तीत गिरणी आणि चाळ एकच. मालकाने कळ फिरविली की काम, घर, शेजार आणि सभेची जागा एकाच क्षणी नाहीशी होते. हा केवळ तर्क नव्हे. २००४ साली सुरू झालेला 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ बंद करण्याचे एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने २०१२ च्या ऑगस्टअखेर जाहीर केले. रहिवासी मशाली घेऊन ॲटलासच्या पुतळ्याखाली जमले, त्यांनी सह्यांची मोहीम काढली. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ते जग विझले. परंतु माणसे पांगली नाहीत. २०१९ साली त्यांतील काहींनी स्वतःच्या सर्व्हरांवर ते उघडपणे पुन्हा उभे केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये 'होमकमिंग' या त्यांच्या संघाला खुद्द मूळ कंपनीने रीतसर परवाना दिला. मालकाला जे नकोसे झाले होते, ते रहिवाशांनी अकरा वर्षे धीर धरून मिळविले.

यावर कोणी म्हणेल, अहो, हा शेवटी खेळ. पैसे दिले, करमणूक झाली, हिशेब मिटला. शिवाय सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, तो कंपनीने कुठवर सोसावा? खर्चाचा मुद्दा खरा आहे. तोट्यातला धंदा कोणी जन्मभर चालवावा असे आम्हीही म्हणत नाही. पण कारखाना बंद करणाऱ्याला आपण काय सांगत आलो? आधी नोटीस दे, देणी चुकती कर, आणि कामगार सहकाराने चालवावयास तयार असतील तर त्यांच्या वाटेत उभा राहू नकोस. त्याहून अधिक येथेही कोणी मागत नाही. मार्च २०२४ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद केले, आणि लोकांनी रोख पैसे देऊन घेतलेल्या प्रती निरुपयोगी झाल्या. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली, आणि विकलेला खेळ बंद करताना तो चालू शकेल अशा स्थितीत ठेवावा, या मागणीखाली जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. खेळणाऱ्यांनी आपला प्रश्न कायद्याच्या दारी नेला, ही या इतिहासातील सर्वांत ताजी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची घटना होय.

ब्रिटानिया इतकी वर्षे का टिकली, याचे उत्तर तिच्या चित्रांत सापडत नाही. ती चित्रे केव्हाच जुनी झाली. ती टिकली, कारण ठरल्या वेळी कोणी तरी आपली वाट पाहत असेल, ही खात्री तिच्या रहिवाशांना होती. संघटना म्हणजे तरी दुसरे काय असते? आज आपली भजनी मंडळे, सोसायट्या, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आणि आमच्या कामगार सभांच्या सूचनासुद्धा दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रांवरून चालतात. सभासदांची नावे आणि पत्ते आपल्या स्वतःच्या वहीत उतरवून ठेवणे, एवढी खबरदारी तरी प्रत्येक मंडळाने घेतली पाहिजे. 'सिटी ऑफ हीरोज'चे रहिवासी आपले जग पुन्हा उभारू शकले, ते सर्व्हर विझल्यानंतरही त्यांनी एकमेकांचा पत्ता हरवू दिला नाही म्हणून.